पुसल्यानंतरचे तेवीस किलोमीटर

ही गोष्ट खरी आहे.

पहिल्या ओळीत सगळेच असं लिहितात, मला माहीत आहे. मीही इथल्या गोष्टी वाचतो आणि त्यातल्या निम्म्या बनावट असतात हे मलाही कळतं. पण ही आमच्या भाऊजींच्या बाबतीत घडलेली आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या गोष्टीचं एक टोक माझ्याही हातात आहे. ते कुठलं, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही मला शिव्या घालाल आणि गोष्ट बाजूला राहील.

आणखी एक. यात रात्र नाही, अंधार नाही. भुतं उजेडाला घाबरतात असं ज्यांना अजून वाटतं, ते सुखी आहेत.

दिवस गुरुवार. वेळ सकाळी साडेदहा. जागा भाऊजींच्या इमारतीखालचं पार्किंग, पाण्याच्या टाकीला लागून असलेली शेवटची गाडी.

भाऊजींनी किल्ली फिरवली...

आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा.

भाऊजी पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. प्रत्येक पंप त्यांच्या टेबलावरून जातो, ते तो फिरवून बघतात आणि त्याच्या लेबलवर 'ओके' असा शिक्का मारतात. वीस वर्षं हेच काम. घरी भाजी आणली तरी पिशवीत डोकावून 'ओके' म्हणतात. कारखान्यात त्यांच्यामागे सगळे त्यांना ओकेसाहेब म्हणतात आणि हे त्यांना माहीत आहे. मनातून त्यांना ते आवडतंही.

दिवा लागला तर दुसरा कोणीही माणूस सरळ गॅरेज गाठेल. भाऊजींचंही एक हक्काचं गॅरेज होतं, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. त्याला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो. मिस्त्री जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या गॅरेजात आता कोणीतरी रंगाचे डबे ठेवतं.

तेव्हा भाऊजींनी ठरवलं की दिव्याचं कारण आपणच घरी शोधायचं. गाडीच्या बिघाडाचे कोड वाचणारं एखादं स्वस्तातलं यंत्र आणायचं.

आता भाऊजींनी काही विकत घ्यायचं ठरवलं की तो एक सोहळाच असतो. पंधरा दिवस त्यांनी माहिती काढली. कागदावर रकाने आखले. सगळ्यात स्वस्त म्हणजे काडेपेटीएवढा एक डबा असतो. तो स्टिअरिंगखालच्या खाचेत लावायचा आणि फोनवर कोड बघायचे. त्याच्यावर मग वायरचं, स्वतःचा छोटा पडदा असलेलं, हातात धरायचं यंत्र. आणि त्याच्याही वर गॅरेजवाल्यांची टॅबलेटसारखी मोठी पाटी, तिच्या किमतीत चारही टायर नवे येतील.

"ते स्वस्तातलंच घ्या की," ताई म्हणाली. "फोन आहेच हातात चोवीस तास."

"फोनला जोडायचं नको."

"का?"

"नको म्हणजे नको."

"मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हतीत," ताई म्हणाली.

शेवटी त्यांनी वायरचंच घेतलं. कोड वाचतं, कोडचा अर्थ सांगतं, गाडीचा चॅसी नंबर दाखवतं, कोड पुसतंही. आणि फोनची गरज नाही.

तिसऱ्या गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ते यंत्र घेऊन खाली उतरले. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी वायर खाचेत बसवली. वायर बसली की यंत्राने बारीक आवाज करायचा असतो, पुस्तिकेत तसं लिहिलेलं होतं.

आवाज झाला नाही...

पडदा मात्र उजळला.

कोड एक. पी ०३३५.

इंजिन फिरतंय की थांबलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. त्याचा हा कोड. तो सेन्सर तापला आणि गेला की चालत्या गाडीचं इंजिन एकाएकी बंद पडतं. भाऊजींना हा अर्थ वाचावा लागला नाही. हा कोड त्यांना पाठ होता.

हातातल्या यंत्राचं बटण आपोआप दाबलं गेलं असावं. पुढचं पान आलं. त्यावर एक साधी ओळ होती.

कोड पुसल्यानंतर चाललेलं अंतर... तेवीस किलोमीटर.

ही गाडी भाऊजींकडे चौदा महिने होती. सहा हजार किलोमीटर चालली होती. तिचा कोड त्यांनी जन्मात कधी पुसलेला नव्हता.

या गाडीचा नव्हता.

आता मिस्त्रीचं सांगायला हवं, नाहीतर भाऊजींच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळणार नाही.

मिस्त्री हा हसरा आणि तोंडाळ माणूस. थोरल्या भावाला चारचौघांत टोमणे मारायचा. एकदा भाऊजींनी त्याची गाडी नेली आणि बंपर घासून आणला. मिस्त्री पुढे वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "हा घासलेला बंपर ओकेसाहेबांनी तपासलेला आहे, शिक्का तेवढा मारायचा राहिलाय." लोक हसायचे. भाऊजीही हसायचे. पण ते हसू ओठांपुरतं होतं.

कामाच्या बाबतीत मात्र मिस्त्री भलताच कडक. त्याचा एक नियम होता. गाडीतला कोड पुसण्याआधी चिठ्ठी लिहायची आणि दोऱ्याने स्टिअरिंगला बांधायची. चिठ्ठीवर तीन ओळी. कोड कोणता. काय दुरुस्त केलं. पुसलं कोणी. ती चिठ्ठी गाडीच्या मालकाने वाचून स्वतःच्या हाताने फाडायची, मगच गाडी बाहेर. स्वतःच्या गाडीलाही तो चिठ्ठी बांधायचा आणि मग स्वतःच ती फाडायचा. बायको त्याला वेडा म्हणायची.

"कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे," तो म्हणायचा. "ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलाय, एवढंच."

काम संपलं की पान्याने बॉनेटवर तीनदा ठोकायचा. टक... टक... टक. म्हणजे झालं, न्या.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी एका लग्नाला जायला चार दिवसांसाठी त्याची गाडी मागून नेली. परत येताना वाटेत इंजिन एकदा गचकन बंद पडलं, पुन्हा चालू झालं आणि पिवळा दिवा लागला. भाऊजींच्या डोळ्यांसमोर तो बंपर आला. आता हा पुन्हा वर्षभर पुरेल असा विषय मिस्त्रीला आयता मिळणार.

तेव्हा त्यांनी मोबाईलच्या दुकानातून तो काडेपेटीएवढा डबा आणला. रकाने नाहीत, चौकशी नाही. फोनवर कोड आला, पी ०३३५. खाली एक बटण होतं.

पुसायचा का? हो. नाही.

भाऊजींनी 'हो' दाबलं. दिवा विझला. मग त्यांनी गाडी धुतली, टाकी भरली आणि सकाळी भावाच्या दारात नेऊन लावली.

मिस्त्रीने गाडीभोवती चक्कर मारली. धुतलेली गाडी बघून त्याला शंका आली असणार.

"काय रे भाऊ, दिवाबिवा काही लागला होता का?"

"छे," भाऊजी म्हणाले. "ओके आहे."

हा शब्द ते दिवसातून दोनशे वेळा उच्चारतात. तो उच्चारताना विचार करायची त्यांना सवयच उरलेली नव्हती.

त्याच दिवशी मिस्त्री तीच गाडी घेऊन एका गिऱ्हाइकाकडे निघाला. टेकडीवरून खाली येताना उताराच्या वळणावर इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेक एकदोनदा लागतो, मग पाय नुसताच दाबत राहतो. समोर दगडी कठडा होता.

कोड पुसला तिथपासून, मिस्त्रीच्या दारावरून, त्या कठड्यापर्यंत तेवीस किलोमीटर. भाऊजींनी नंतर एकदा ते मोजलेलं होतं. तो डबाही त्यांनी त्याच आठवड्यात गटारात टाकला.

आणि दहाव्याच्या आत लोक बोलायला लागले. मिस्त्री दुसऱ्यांच्या गाड्यांना चिठ्ठ्या बांधत होता, स्वतःच्या गाडीकडे लक्ष नव्हतं. दिव्याखाली अंधार.

ही म्हण आमच्या घरात पहिल्यांदा कोणी वापरली, सांगू? भाऊजींनी. भेटायला आलेल्या माणसांसमोर, भावाच्या फोटोशेजारी बसून.

त्याचा जोडीदार गॅरेज चालवत राहिला, पण ज्याची स्वतःची गाडी बंद पडली त्याच्या गॅरेजात कोण जाणार? चार महिन्यांत शटर खाली आलं. मिस्त्रीची बायको आता लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री करते. आम्ही तिला वहिनी म्हणतो. हलगर्जी नवऱ्याची बायको म्हणून ती जगते. मान खाली घालून येते, मान खाली घालून जाते.

असो. पार्किंगमध्ये परत येतो.

भाऊजींनी यंत्र ओढून काढलं आणि दुकान गाठलं. दुकानदाराने ते स्वतःच्या गाडीला लावून बघितलं.

"यंत्र चोख आहे साहेब. तुमची गाडी दाखवून घ्या."

"मला बदलून द्या."

दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या पण बदलून दिलं. दुसऱ्या कंपनीचं, जरा महाग. पुन्हा पार्किंग. पुन्हा खाच. या वेळीही आवाज झाला नाही...

पी ०३३५. तेवीस किलोमीटर.

भाऊजी चॅसी नंबरच्या पानावर गेले. निदान गाडी तरी आपलीच आहे, एवढं त्यांना बघायचं होतं. लांबलचक नंबर हळूहळू उमटला. शेवटचे चार आकडे बघून त्यांनी यंत्र मांडीवर ठेवलं.

तो मिस्त्रीच्या गाडीचा नंबर होता. ती गाडी भंगारात देताना कागदावर भाऊजींनीच सही केली होती. ते आकडे त्यांच्या डोळ्यांसमोर तुकडे होऊन गेले होते.

गाडीत कसलातरी वास येत होता. रॉकेलचा. मिस्त्री हातावरचं ग्रीस रॉकेलने धुवायचा, तसा.

आणि पार्किंगमधला आवाज गेला होता. वरच्या टाकीत पाणी पडायचा आवाज सतत असतो. तो नव्हता. रस्त्यावरचे हॉर्न नव्हते. पहिल्या मजल्यावरचं बाळ सकाळपासून रडत होतं, ते गप्प होतं.

मग बॉनेटवर...

टक.

टक.

टक.

काचेतून समोर बॉनेट स्वच्छ दिसत होतं. त्याच्यावर ऊन पडलेलं होतं. तिथे कोणी नव्हतं.

भाऊजी जिन्याने धावत वर गेले. ताईने पाणी दिलं, काय झालं विचारलं. "ॲसिडिटी," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी धीर करून गाडी मिस्त्रीच्या जुन्या जोडीदाराकडे नेली. तो आता दुसऱ्याच्या गॅरेजात काम करतो. गॅरेजात शिरताच दिवा विझला. जोडीदाराने मोठी पाटी लावली. बीप असा खणखणीत आवाज आला.

"एकही कोड नाही साहेब. गाडी ठणठणीत."

"आणि ते... पुसल्यानंतरचं अंतर?"

जोडीदाराने मान वर केली. "ते तुम्हाला कसं माहीत? गिऱ्हाइकं कधी विचारत नाहीत ते." पाटीकडे बघून म्हणाला, "सहा हजार एकशे चाळीस. का हो, कधी कोड पुसला होतात का?"

"छे."

"मग झालं तर."

पण तो बराच वेळ भाऊजींकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं. भाऊजींना वाटलं, याला सगळं कळलंय.

घरी येईपर्यंत दिवा पुन्हा लागला होता. ताई शेजारी बसली की विझायचा. भाऊजी एकटे असले की लागायचा. यंत्र घेऊन त्यांनी स्वतःच हात दाखवून अवलक्षण केलं होतं. कारण दिव्याकडे दुर्लक्ष करता येतं. वाचलेल्या आकड्याकडे करता येत नाही.

मग आला चौथा गुरुवार.

सकाळी नऊला फोन. मिस्त्रीची मुलगी. विशीतली आहे, नुकतंच लायसन्स मिळालंय. मिस्त्री तिला ठिणगी म्हणायचा, कारण चौथीत असताना तिने एकटीने स्पार्क प्लग बदलला होता.

"मोठे काका, आज गाडी मिळेल का? आईच्या डोळ्यांचं तपासायचंय. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात अकराची वेळ दिलीय. बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात आणि आईला नीट दिसत नाहीये."

भाऊजींच्या तोंडून 'ये' असं निघून गेलं.

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय केलंय. टेकडीपलीकडे. तेच वळण. त्या वळणावर आता मिस्त्रीची बायको आणि मुलगी.

ते खाली धावले. किल्ली फिरवली. दिवा लागलेला होता. यंत्र लावलं.

पी ०३३५. तेवीस किलोमीटर.

खाली प्रश्न होता. पुसायचा का? हो. नाही.

आता तुम्हीच बघा त्यांचं घोडं कुठे अडलं होतं. दिवा तसाच ठेवून गाडी दिली तर ठिणगी पहिल्या क्षणी विचारणार, हा दिवा कसला. मिस्त्रीची मुलगी ती. कोड वाचणार. पुढचं पान उघडणार. तेवीस आकडा बघणार. आणि पुसून दिली तर... ते तर एकदा करून झालं होतं.

भाऊजींचा अंगठा 'हो'वर गेला होता. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

रॉकेलचा वास आला...

भाऊजींनी अंगठा उचलला. 'नाही' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओके म्हटलं नाही.

ठिणगी आली तेव्हा ते बॉनेटला टेकून उभे होते.

"गाडी नेऊ नको," ते म्हणाले. "बिघडलीय."

"काय झालंय?"

"दिवा लागलाय. कोड आहे. इंजिन बंद पडण्याचा."

ठिणगी एकदम गंभीर झाली. "यंत्र आहे तुमच्याकडे? बघू."

तिने वायर खाचेत बसवली. बीप. स्वच्छ, बारीक आवाज. भाऊजींच्या यंत्रातून तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

ती बघत राहिली. बापासारखीच भराभर पानं उलटत होती. मग तिची बोटं थांबली.

"काका, कोड नाहीये."

"आहे. आत्ता होता."

"दिवा पण नाहीये." तिने यंत्र त्यांच्याकडे वळवलं. "आणि हे बघा. पुसल्यानंतरचं अंतर. शून्य."

भाऊजींनी पडद्याकडे बघितलं. शून्यच होतं.

"आत्ता पुसलात ना?"

"नाही गं. शपथ. मी नाही पुसलं."

आणि हे खरं होतं हो! या एका वेळी हे खरं होतं. ते ओरडून सांगत होते आणि त्यांनाच त्यांचा आवाज खोटा वाटत होता.

ठिणगीने यंत्र हळूच सीटवर ठेवलं.

"बाबांच्या गाडीत तेवीस होतं," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये टाकीत पाणी पडत होतं. वरचं बाळ रडत होतं. सगळे आवाज जागच्या जागी होते.

"जोडीदारकाकांनी भंगारात जायच्या आधी मोडक्या गाडीचा कॉम्प्युटर काढून वाचला होता. तेवीस किलोमीटर आधी कोणीतरी कोड पुसलेला. म्हणजे इथेच, आमच्या घराच्या आसपास. त्यांना वाटलं, बाबांनीच. पण बाबा चिठ्ठी बांधल्याशिवाय पुसायचे नाहीत काका. स्वतःच्या गाडीला पण बांधायचे. आणि फाडलेले तुकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचे. कप्प्यात एकही तुकडा नव्हता."

भाऊजींनी रुमाल काढून बॉनेट पुसायला घेतलं.

"त्याआधी चार दिवस गाडी कोणाकडे होती, ते मी सांगायला नको."

"ठिणगे..."

"मी त्याच दिवशी विचारायला येणार होते. आईने शपथ घातली. म्हणाली, ते मोठे आहेत, ते स्वतः येऊन सांगतील. तू विचारायचं नाहीस." तिने यंत्राची वायर खाचेतून ओढून काढली. "दोन वर्षं झाली. ती अजून तुमच्या वाटणीचा चहा टाकते रविवारी. लोक बाबांना हलगर्जी म्हणतात, ते ऐकते आणि चहा टाकते."

तिने बॅगेतून वही काढली. एक पान फाडलं. बापाच्या पद्धतीने तीन ओळी लिहिल्या. बॅगेच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा ओढून काढला आणि चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली.

कोड: पी ०३३५.

काय दुरुस्त केलं: काही नाही.

पुसलं कोणी:

तिथे तिने काही लिहिलं नाही.

"ही तुम्ही भरा," ती म्हणाली. "आम्ही बसने जातो."

गेली. मागे वळून बघितलं नाही.

हे सगळं भाऊजींनी मला त्याच संध्याकाळी त्याच गाडीत बसून सांगितलं. चिठ्ठी समोर लोंबत होती. मी म्हटलं, "भाऊजी, चला उठा. आत्ताच्या आत्ता वहिनींकडे जाऊ." त्यांचं घर भाऊजींच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर आहे.

"जाईन," ते म्हणाले. "आधी हे लिहितो."

त्यांनी माझं पेन घेतलं. तिसऱ्या ओळीपुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. ठळक. मी डोळ्यांनी बघितलं. लिहून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर थोडा तजेला आला. झालं, असं म्हणाले. वर जाऊन जेवले सुद्धा.

सकाळी मला फोन. "पार्किंगमध्ये ये."

चिठ्ठी तशीच बांधलेली होती. दोऱ्याची गाठ तीच. पहिली ओळ होती, दुसरी होती...

तिसऱ्या ओळीपुढे कोरं होतं.

खोडलेलं नाही, पांढरं फासलेलं नाही. कागदावर पेनाची खूणही नव्हती. मी उजेडात धरून बघितलं, नखाने चाचपून बघितलं. माझ्याच पेनाने लिहिलेलं होतं ते.

त्यांनी पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. मार्करने लिहिलं. कोरं. आता रोज लिहितात. कारखान्यात जाण्याआधी खाली उतरतात, नाव लिहितात, सकाळी बघतात, पुन्हा लिहितात. ताईला वाटतं गाडी पुसायला जातात.

"हे काय आहे रे?" मला विचारतात. "मी कबूल करतोय ना? रोज करतोय."

"कागदाला करताय भाऊजी," मी म्हटलं. "सात मिनिटं चाला."

"येत्या गुरुवारी जातो."

तीन गुरुवार गेले.

दवाखान्यातून आल्यावर वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. ठिणगीने भाऊजींना नाही कळवलं, मला कळवलं. मी फळं घेऊन गेलो. वहिनींनी विचारलं, मोठे भाऊजी बरे आहेत ना? मी म्हटलं, बरे आहेत. त्यांनी दोन कप चहा टाकला. मी एकटाच गेलो होतो.

आता माझ्या हातातलं टोक.

भाऊजींना फोनमधलं काही येत नाही. दोन वर्षांपूर्वी तो काडेपेटीएवढा डबा आणला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. ॲप मी टाकून दिलं. कोड मी वाचला. "हे काय असतं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी शोधलंही नाही. एका हातात चहाचा कप होता. "काही नसतं हो," मी म्हटलं, "हे बटण दाबा, जाईल." आणि कुठलं बटण ते बोटाने दाखवलं.

भाऊजींनी हे कोणाला सांगितलेलं नाही. एवढा एक चांगुलपणा त्यांच्यात आहे, किंवा ते विसरलेत. मी मात्र वहिनींसमोर बसून दुसरा कपही पिऊन आलो.

इथे लिहिलं तर बरं वाटेल, असं वाटलं होतं. तुम्ही कोणी वहिनींना ओळखत नाही. म्हणून इथे लिहिता येतंय.

काल सकाळी ऑफिसला निघताना माझ्या गाडीत पिवळा दिवा लागला. पेट्रोलचं झाकण सैल असलं तरी लागतो, असं म्हणतात. झाकण मी तीनदा घट्ट केलं. दिवा आहे.

शेजाऱ्याकडे कोड वाचायचं यंत्र आहे. देतो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला.

मी नको म्हटलं.

तेव्हापासून गाडी खाली उभी आहे आणि मी वर खिडकीत. भर दुपार आहे, रस्त्यावर माणसं आहेत... तरी मघाशी आमच्या इमारतीच्या टाकीत पाणी पडायचा आवाज थांबला, आणि अजून सुरू झालेला नाही.